वीजवाहिनीला पैसा कोण देतं आणि वाहिनीचा खर्च कोण भरतं

वारा जिथे सुसाट वाहतो तिथे मोठी शहरं सहसा नसतात. त्यामुळे पवन आणि सौर प्रकल्प वाढले की वीज दूरवर नेणाऱ्या नव्या पारेषण वाहिन्या लागतात आणि ‘पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न येतो. खरं तर हे दोन प्रश्न आहेत. आज पैसा कोण घालणार, हा वित्तपुरवठ्याचा. तो शेवटी कुणाच्या खिशातून जाणार, हा खर्चवाटपाचा.

कर्ज, हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी काढलेले कर्जरोखे), कंपनीचं भागभांडवल हा सगळा वित्तपुरवठा. तो परताव्यासकट फेडायचा असतो. फेड होते वीजग्राहकाकडून नाहीतर करदात्याकडून. प्रकल्पाने पैसे भरले तरी ते विजेच्या किमतीत येतातच. म्हणून एखाद्या बँकेने वाहिनीला मोठं कर्ज दिल्याची बातमी वाचून बिल कुणाच्या नावावर फाटणार ते कळत नाही. भांडणं मात्र त्यावरूनच होतात.

टेक्सासमध्ये 2005 च्या कायद्याने आधी वाऱ्याचे पट्टे ठरवून तिथवर वाहिन्या न्यायचं ठरलं. सुमारे 5,800 किलोमीटर वाहिन्या, खर्च जवळपास 7 अब्ज डॉलर. पैसा घातला पारेषण कंपन्यांनी. वसुली मात्र तिथल्या वीजजाळ्यावरच्या सगळ्या ग्राहकांकडून. त्यामुळे पवनचक्क्यांची वाट न पाहता तारा ओढता आल्या.

अमेरिकेत इतरत्र बऱ्याच ठिकाणी उलट चाल आहे: जो प्रकल्प जोडणी मागतो, त्यानेच जाळं सुधारण्याचा भार उचलायचा. आकडा ऐकून एकाने माघार घेतली की रांगेतल्या पुढच्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2023 मध्ये जगभरात किमान 1,500 गिगावॉटचे तयारीत पुढे गेलेले प्रकल्प जोडणीच्या रांगेत असल्याचं म्हटलं होतं. त्याची कारणं अनेक, पण ‘भरायचं कुणी’ हे माझ्या मते त्यातलं फार चिवट कारण आहे.

दोन्ही प्रश्न वेगळे असले तरी एका जागी भेटतात: व्याजदरात. ब्राझीलमध्ये वाहिन्यांचा लिलाव होतो. वर्षाला सर्वांत कमी उत्पन्न मागेल त्याला 30 वर्षांचा करार मिळतो. उत्पन्न आधीच ठरलेलं असलं की सावकाराची धास्ती कमी होते आणि व्याजही. 100 कोटींचं कर्ज 40 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं तर 8 टक्के दराने वर्षाला सुमारे 8.4 कोटी लागतात, 4 टक्क्यांनी सुमारे 5 कोटी. मनोरे तेच, तारा त्याच.