दाणेदार अंधारात मेंदू काय पाहतो?

‘स्किनामारिंक’ हा कॅनडाचा भयपट २०२२ साली आला. दिग्दर्शक काइल एडवर्ड बॉल यांनी तो एडमंटनमधल्या, स्वतःचं बालपण गेलं त्याच घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केला. गोष्ट दोन लहान भावंडांची. रात्री जाग येते तर वडील गायब आणि घराची दारं-खिडक्याही नाहीशा झालेल्या. पडद्यावर मात्र बराच वेळ दिसतो तो छताचा कोपरा, दाराची चौकट, बोळातला काळोख आणि त्या काळोखात सतत वळवळणारे बारीक दाणे. जुन्या टीव्हीची अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या यायच्या, तसे. हा चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेला आहे. दाणे नंतर मुद्दाम घातले आहेत. ते पुसून टाकले तर त्यातली निम्मी भीती निघून जाईल, असं माझं ठाम मत आहे.

असं का होत असावं, हे समजण्यासाठी आधी खरा दाणा, म्हणजे ग्रेन, कुठून येतो ते पाहू.

फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या चांदीच्या क्षारांचे असंख्य स्फटिक विखुरलेले असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. चारेक अणू जमले तरी पुरतात. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही, पण डेव्हलपरच्या द्रावणात पट्टी बुडवली की ज्या स्फटिकावर अशी खूण उमटली आहे, तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. कृष्णधवल निगेटिव्ह म्हणजे अशा काळ्या कणांची कमी-जास्त दाटी. रंगीत फिल्ममध्ये पुढच्या टप्प्यात चांदी धुऊन काढतात आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे पुसट ढग उरतात.

कमी उजेडात चित्रण करायचं तर फिल्म जास्त संवेदनशील हवी आणि त्यासाठी स्फटिक मोठे लागतात. म्हणून रात्रीच्या प्रसंगांत ग्रेन ठळक दिसतो. दुसरा भाग वाढवून दाखवण्याचा. १६ मिलिमीटर फिल्मची चौकट, म्हणजे पट्टीवरचं एक चित्र, जेमतेम १० मिलिमीटर रुंद असते. ती १० मीटरच्या पडद्यावर टाकली की हजारपट मोठी होते आणि एक मायक्रॉनचा कण पडद्यावर एक मिलिमीटरचा होतो. आपल्याला दिसतात ते बहुतेकदा सुटे कणही नसतात. थरात एकावर एक आलेल्या कणांचे ते पुंजके असतात. ३५ मिलिमीटरची चौकट दुपटीहून रुंद असल्यामुळे तिथे हेच चित्र बरंच मऊ दिसतं. १९७४ सालचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ १६ मिलिमीटरवर चित्रित करून ३५ वर मोठा केला होता. त्या काळी हा पैसे वाचवण्याचा मार्ग होता. पण बातमीपट आणि माहितीपटही १६ मिलिमीटरवरच व्हायचे, त्यामुळे प्रेक्षकांच्या मनात खरखरीत चित्राची सांगड ‘हे खरोखर घडलं आहे’ या भावनेशी आधीच बसलेली होती. भयपटाला याहून मोठी मदत कुठली मिळणार?

सवयीचा हा वाटा मोठा आहे, पण सगळं त्यावर ढकलता येत नाही. १६ मिलिमीटरचा बातमीपट आयुष्यात न पाहिलेली आजची मुलंही दाणेदार अंधाराला दचकतात.

मला जास्त पटणारं कारण डोळ्यांत आणि मेंदूत आहे. फार कमी उजेडात डोळ्यांपर्यंत प्रकाशकण तुरळक आणि अनियमितपणे पोहोचतात. शिवाय अंधुक उजेडात पाहणाऱ्या, दृष्टिपटलातल्या दंडपेशींमधले रोडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या द्रव्याचे रेणू अधूनमधून प्रकाश नसतानाही आपोआप सक्रिय होतात आणि मेंदूकडे खोटा इशारा जातो. काळोख्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडलं की समोर निखळ काळं दिसत नाही. काहीतरी राखाडी, थरथरतं दिसत राहतं. दाणेदार पडदा आपल्या रात्रीच्या नजरेची ही अवस्था समोर आणून ठेवतो. स्वच्छ डिजिटल काळा रंग तसं करत नाही. तिथे काही नाही, हे लगेच कळतं आणि नजर पुढे सरकते.

अशा थरथरीत मेंदू गप्प बसत नाही. टोरोंटो विद्यापीठाचे कांग ली आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींना सांगितलं की दाखवणार असलेल्या चित्रांपैकी निम्म्यांत चेहरा लपलेला आहे. सुरुवातीच्या सरावात काही चित्रांत खरे चेहरे होते, पण मुख्य प्रयोगातल्या चित्रांत निव्वळ राखाडी ठिपक्यांचा गोंधळ होता. तरीही ३४ टक्के वेळा लोकांनी चेहरा दिसल्याचं सांगितलं, आणि त्या क्षणी मेंदूचा चेहरे ओळखणारा भाग जास्त सक्रिय झालेला आढळला. प्रयोग चित्रपटांवर नव्हता, तेव्हा पुढचा दुवा माझा आहे: भयपटाचा प्रेक्षक याच तयारीने बसलेला असतो. इथे काहीतरी दडलंय, हे त्याला तिकीट काढतानाच सांगितलेलं असतं. बोळातल्या काळोखाकडे कॅमेरा अर्धा मिनिट रोखून धरला की उरलेलं काम प्रेक्षकाचा मेंदू करतो.

यात दाण्यांची हालचाल फार महत्त्वाची आहे. फिल्मची प्रत्येक चौकट वेगळा तुकडा असल्यामुळे सेकंदाला २४ वेळा दाण्यांची मांडणी बदलते. डोळा लागोपाठच्या दोन-तीन चौकटींची सरासरी काढत जातो. म्हणून चालू चित्रात दाणे सौम्य वाटतात आणि तेच दृश्य थांबवलं तर एकदम राठ दिसतात. एकच ठरावीक नक्षी सगळ्या चौकटींवर चिकटवली तर ती काचेवरच्या धुळीसारखी दिसते आणि खोटेपणा उघडा पडतो.

काही जण म्हणूनच खऱ्या फिल्मकडे वळतात. ‘द लाइटहाउस’ (२०१९) या चित्रपटासाठी छायालेखक जेरिन ब्लॅश्के यांनी कोडॅकची ‘डबल-एक्स’ ही जुन्या घडणीची कृष्णधवल फिल्म वापरली आणि लाल प्रकाश अडवणारा खास फिल्टर बनवून घेतला. त्यामुळे त्वचेचा लालसरपणा काळा पडतो, प्रत्येक सुरकुती आणि डाग उठून दिसतो. वर ग्रेन आला की चेहरे आणि दगड जणू एकाच मालाचे वाटतात. ‘ड्यून’ (२०२१) मध्ये ग्रेग फ्रेझर यांनी मधली वाट निवडली. चित्रण डिजिटल, मग ते फिल्मवर उतरवलं आणि पुन्हा स्कॅन केलं.

एवढी मेहनत घेतलेला दाणा घरच्या पडद्यापर्यंत पोहोचणं मात्र अवघड. व्हिडिओची फाइल लहान करण्याचं तंत्र ‘पुढची चौकट मागच्यासारखीच असेल’ या अंदाजावर चालतं आणि ग्रेनचा अंदाजच बांधता येत नाही. डेटा कमी पडला की दाणे विरघळून चौकोनी डाग उरतात. २०१८ साली आलेल्या ‘एव्ही१’ या व्हिडिओ लहान करण्याच्या पद्धतीत यावर सुंदर तोड आहे. पाठवताना ग्रेन काढून घ्यायचा, तो कसा होता याची मापं सोबत धाडायची आणि प्रेक्षकाच्या उपकरणात ३२ बाय ३२ पिक्सेलच्या तुकड्यांनी तो नव्याने विणायचा. उजळ, मध्यम आणि गडद भागांत किती ग्रेन हवा, हेही त्या मापांत असतं. दिसतात ते मूळ दाणे नव्हेत, पण त्यांची जात तीच असते.

शेवटचा अडथळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. बऱ्याच संचांत ‘नॉइज रिडक्शन’ आधीपासून चालू असतं आणि ते ग्रेनला कचरा समजून पुसतं. चेहरे मग मेणाचे दिसू लागतात. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावावा, नसेल तर ‘नॉइज रिडक्शन’ आणि ‘शार्पनेस’ हाताने खाली आणावं, खोलीतले दिवे मालवावेत आणि मगच भयपट सुरू करावा.