जुन्या मोर्स कीच्या कॉन्टॅक्टला सँडपेपर लावण्यापूर्वी

मोर्स की, म्हणजे दाबून टिंब-रेघांचे संदेश पाठवायचं उपकरण, खरखरते, मधूनच एखादं टिंब गाळते, कॉन्टॅक्ट (दाबल्यावर एकमेकांना टेकून सर्किट जोडणारी धातूची दोन तोंडं) घासून पाहिले तर आणखी बिघडली. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पार्सलांमधल्या चिठ्ठ्यांवर बहुधा हीच तक्रार असते. हे पत्रक त्यासाठीच. दोष अनेकदा कॉन्टॅक्टमध्ये नसतोच. घासल्यामुळे मात्र तो तिथे तयार होतो, आणि तासाभराची दुरुस्ती दोन-तीन दिवसांवर जाते.

आधी कारण समजून घ्या. जुन्या कीमधून पूर्वी बऱ्याच ठिकाणी रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ट्रान्समीटर चालायचा. व्होल्टेज आणि करंट दोन्ही भरपूर. चांदीच्या कॉन्टॅक्टवर गंधकामुळे जी काळपट साय धरते, ती प्रत्येक दाबासरशी ठिणगीनेच फुटायची. आजच्या ट्रान्सीव्हरच्या (संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या रेडिओ संचाच्या, म्हणजेच रिगच्या) की-लाइनवर, म्हणजे की जोडायच्या तारेवर, साधारण ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी आणि करंट जेमतेम एखादा मिलिअँपिअर. तेवढ्याने साय फुटत नाही. म्हणून वर्षानुवर्षं नीट चाललेली जे-३८ (अमेरिकी लष्करातली जुनी की) नव्या रिगला जोडली की अडखळते.

ही साय काढायला सँडपेपर लागत नाही. चांदी मऊ असते. सँडपेपरचे कण तिच्यात रुतून बसतात आणि त्यांच्यातून वीज जात नाही. कानस मारली तर कॉन्टॅक्टचा माथा तिरपा होतो, मग दोन्ही तोंडं फक्त एका कडेवर टेकतात. चांदीची चकती मुळात पातळ असते. काही कीमध्ये तर नुसता थर दिलेला असतो. तो गेला की कॉन्टॅक्ट बदलण्यावाचून इलाज नाही. प्लॅटिनमचे कॉन्टॅक्ट असलेल्या जुन्या की तर कृपा करून घरी घासूच नका.

योग्य पद्धत अशी. साध्या पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा, की हलकेच दाबून पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढा. कागदावर काळी रेघ उमटेल. पट्टीची कोरी जागा घेऊन पुन्हा ओढा. रेघ उमटायची थांबली की एकदा कोरडी पट्टी ओढा आणि अडकलेला तंतू फुंकून काढा. अल्कोहोल बाटलीतून थेट कीवर ओतू नका. जुन्या पितळेवर आणि लाकडी बैठकीवर लाखेचं वॉर्निश असेल, तर ते विरघळतं.

आता खरा संशयित: बेअरिंग, म्हणजे दांडा ज्यावर झुलतो तो आधार. स्ट्रेट कीमध्ये (वरखाली दाबायच्या साध्या कीमध्ये) करंट टर्मिनलवरून फ्रेममध्ये, तिथून दोन बाजूंच्या टोकदार स्क्रूंमधून दांड्यात आणि मग कॉन्टॅक्टवर जातो. म्हणजे प्रत्येक टिंब त्या दोन टोकांतूनही जातं. तिथे सुकलेलं ग्रीस किंवा हौसेने सोडलेला तेलाचा थेंब असला, की खरखर होते आणि आळ कॉन्टॅक्टवर येतो. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. एक प्रोब दांड्याच्या उघड्या धातूवर, दुसरा फ्रेमवर. दांडा सावकाश वरखाली करा. आकडा १ ओहमच्या आत स्थिर राहिला तर बेअरिंग निर्दोष (यातले ०.२-०.३ ओहम मीटरच्या वायरींचेच). आकडा नाचला तर दोष सापडला.

एकाच बाजूचा लॉकनट सैल करून तोच स्क्रू काढा. दुसरी बाजू हलवू नका, म्हणजे दांड्याची मधली रेषा टिकते. टोक आणि खोबण पुसून स्क्रू परत बसवा. आडवं हलणं थांबेल इतकाच आवळा. स्प्रिंग सैल केल्यावर दांडा स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. कॉन्टॅक्टमधली फट छापील कागदाच्या एका पानाएवढी, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा, मग हाताला जमेल तशी वाढवा.

कायमचा उपाय म्हणजे दांडा आणि फ्रेम जोडणारी तांब्याची लवचीक वेणी. कित्येक उत्पादक ती मुळातच द्यायचे. नसेल तर आम्ही बसवून देतो, आहे त्याच स्क्रूंखाली, कुठेही भोक न पाडता. हवी तेव्हा काढता येते.

बगची, म्हणजे हलत्या लोलकाने टिंबं आपोआप देणाऱ्या अर्धस्वयंचलित कीची, गोष्ट वेगळी. व्हायब्रोप्लेक्स या कंपनीच्या बगमध्ये टिंबाचा कॉन्टॅक्ट पातळ स्प्रिंगवर असतो. कानशीच्या दाबाने ती वाकते आणि टिंबं लहानमोठी होतात. दांडा टिंबाच्या बाजूला धरा, लोलक थांबवा. त्या स्थितीत कॉन्टॅक्ट नुसता टेकावा, स्प्रिंग ढकलली जाऊ नये. सगळी जुळवणी इथून सुरू होते.

व्हॉल्व्ह ट्रान्समीटरला उघडी जुनी की थेट जोडू नका. कॅथोड कीइंगमध्ये (की थेट व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या वाटेत असते तेव्हा) की उघडी असताना तिच्यावर शंभर व्होल्टहून जास्त असू शकतात. मध्ये रिले घाला.

आम्ही की आरशासारखी चमकवत नाही, याबद्दल काही जण नाराज होतात. अमोनिया असलेल्या पॉलिशने ताणाखालच्या पितळी स्प्रिंगला तडे जाऊ शकतात, आणि नावाच्या पट्टीवरचा काळा रंग निघाला की अनुक्रमांक वाचता येत नाही. बगचं वय ठरवायला तोच तर उपयोगी पडतो. म्हणून पट्टीला आम्ही फक्त कोरडं मऊ कापड लावतो. कॉन्टॅक्ट तुम्हाला विचारूनच बदलतो आणि जुना सुटा भाग पाकिटात घालून परत देतो. कीसोबत बेअरिंग आणि कॉन्टॅक्टचे दुरुस्तीआधीचे व नंतरचे ओहम लिहिलेला कागद मिळतो.

पाठवताना कॉन्टॅक्टमध्ये कागदाचा तुकडा ठेवा आणि स्प्रिंग सैल करा. बगच्या लोलकावरचं वजन काढून वेगळ्या पिशवीत बांधा, आणि लोलक हलणार नाही असा फोम लावा. बगचं वजनच दीड किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे एका खोक्यात दोन बग घालू नका. कोणत्या रिगला जोडता तेही चिठ्ठीत लिहा; प्लग मोनो आहे की स्टीरिओ, यावरून निम्म्या तक्रारी आम्हाला फोनवरच सोडवता येतात.