चॅट्सवर्थ: दालनं, पाणी आणि एक केळीचं झाड

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं लावली गेलेली बसराई आणि आता बाजारात सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, या दोन्ही केळी ज्या गटात मोडतात त्याचं नाव कॅव्हेंडिश. हे एका इंग्रज घराण्याचं आडनाव आहे. डर्बीशायर परगण्यात डेरवेंट नदीकाठी या घराण्याचं चॅट्सवर्थ नावाचं घर आहे आणि तिथल्या काचघरात १८३०च्या दशकात वाढलेल्या एका झाडावरून केळीला हे नाव पडलं. हे घर चित्रपटांतून पुष्कळांच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. पिवळसर दगडाची लांबलचक दर्शनी भिंत, सोन्याचा मुलामा दिलेल्या खिडक्या, पुढे हिरवळ आणि मागे गर्द झाडीची टेकडी. पाहणाऱ्याला वाटतं, हे असंच होतं आणि असंच राहणार. प्रत्यक्षात पावणेपाचशे वर्षांत तिथलं जवळपास सगळंच कधी ना कधी पाडून, हलवून, खणून नव्याने मांडलेलं आहे. आणि माझं मत विचाराल, तर या घराचा इतिहास छतांवरच्या चित्रांपेक्षा बागेतल्या पाण्यात आणि मातीत जास्त सापडतो.

सुरुवात मात्र पैशापासून करावी लागते. राजा आठव्या हेन्रीने १५३०च्या दशकात इंग्लंडातले मठ बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, तेव्हा त्या कामावरच्या अधिकाऱ्यांत विल्यम कॅव्हेंडिश होता. त्या उलाढालीत त्याने स्वतःचंही भलं करून घेतलं. त्याची तिसरी बायको बेस ऑफ हार्डविक ही डर्बीशायरची. तिच्या मुलखात म्हणून १५४९ साली ६०० पौंडांना चॅट्सवर्थची जमीन घेतली आणि तीन वर्षांनी बांधकाम सुरू झालं. बेसचं नंतर श्रूजबरीच्या अर्लशी लग्न झालं. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी त्याच्याच पहाऱ्यात होती, त्यामुळे १५६९ नंतर तिला अनेकदा इथे आणून ठेवलं गेलं. बेसचं घर आज उरलेलं नाही. टेकडीवरचा शिकारी मनोरा त्या काळाची खूण म्हणून उभा आहे.

आज दिसणारं घर मुळात याच घराण्यातल्या पहिल्या ड्यूकचं. १६८७ साली त्याने विल्यम टॅल्मन या वास्तुरचनाकाराकडून फक्त दक्षिणेची बाजू नव्याने बांधायला घेतली. ती झाल्यावर पूर्वेची, मग पश्चिमेची, मग उत्तरेची, असं करत १७०७ साली काम संपलं आणि त्याच वर्षी तो वारला. मधल्या काळात त्याने मोठं राजकारण केलं होतं. विल्यम ऑफ ऑरेंजला इंग्लंडात येण्याचं निमंत्रण १६८८ साली ज्या सात जणांनी धाडलं, त्यांतला तो एक. १६९४ साली त्याला ड्यूक ऑफ डेव्हनशायर ही पदवी मिळाली. तोच विल्यम पुढे इंग्लंडचा राजा झाला. तो आणि त्याची राणी मेरी (स्कॉटलंडची ती मेरी नव्हे) मुक्कामाला येतील म्हणून ड्यूकने वरच्या मजल्यावर एकापुढे एक शाही दालनं काढली. आधी भव्य दरबारी दालन, मग दिवाणखाना, मग शयनगृह, शेवटी खासगी खोली. पाहुण्याचा मान जितका मोठा, तितकं त्याला आत जाता येणार. छतांवर व्हेरिओ आणि लागेर यांनी देवदेवता रंगवल्या. खालच्या रंगीत दिवाणखान्यात लागेरने ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग काढले.

राजा-राणी आले नाहीत. घरातली सर्वांत महागडी दालनं ज्यांच्यासाठी सजली, त्यांनी ती पाहिलीच नाहीत. शाही शयनगृहातला पलंगही असाच वेगळ्या वाटेने आला. राजा दुसरा जॉर्ज १७६० साली वारला तेव्हा चौथा ड्यूक राजवाड्याचा मुख्य कारभारी होता आणि मेलेल्या राजाचं सामान त्या अधिकाऱ्याला हक्क म्हणून मिळण्याची रीत होती. राजा ज्या पलंगावर गेला तो पलंग त्या रिवाजाने चॅट्सवर्थला आला.

बागेतलं पाणी मात्र पहिल्या ड्यूकच्या काळापासून वाहतं आहे. त्याने ग्रिए नावाचा फ्रेंच जलतज्ज्ञ आणला आणि १६९६ साली टेकडीच्या उतारावर पाण्याचा लांब जिना बांधून घेतला. त्याला चोवीस टप्पे आहेत आणि एकही टप्पा दुसऱ्यासारखा नाही. कुठे पायरी अरुंद, कुठे रुंद, कुठे दगड गुळगुळीत, कुठे खडबडीत. म्हणून उतरत जाताना पाण्याचा आवाज बदलत जातो. नुसतं डोळ्यांना दिसावं म्हणून नव्हे, तर कानांना ऐकू यावं म्हणून दगड घडवायचे, ही दृष्टी मला वरच्या सगळ्या रंगीत छतांहून मोठी वाटते. जवळच धातूचं विलोचं झाड उभं केलं होतं. पाहुणा खाली आला की गुप्त चावी फिरवायची आणि फांद्याफांद्यांतून त्याच्या अंगावर पाणी उडायचं. झाड पुढे नव्याने घडवलं गेलं, खेळ तोच आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांची आवड पालटली. आखीवरेखीव वाफे, कुंपणं, सरळ वाटा यांचा कंटाळा आला आणि बाग मोकळ्या रानासारखी दिसावी असं वाटू लागलं. चौथ्या ड्यूकने 'केपेबिलिटी' ब्राऊन या उद्यानरचनाकाराला बोलावलं. ब्राऊनने जुन्या बागेचा बराच भाग मोडून हिरवळ केली, झाडांचे पुंजके लावले, नदीचा प्रवाह दुरुस्त करून घेतला. जेम्स पेनने नवा पूल आणि तबेले बांधले. आज जे निसर्गसौंदर्य म्हणून लोक टिपतात, ते असं फावड्या-कुदळीने घडवलेलं आहे.

या मांडणीत एडन्सर गाव आड येत होतं. घराच्या खिडक्यांतून त्याची घरं दिसत. काही घरं याच काळात हटली आणि उरलेलं काम सहाव्या ड्यूकने १८३८ ते १८४२ या वर्षांत पुरं केलं. टेकाडापलीकडे नवं गाव वसलं. प्रत्येक घराची धाटणी वेगळी, कुणाचं इटालियन, कुणाचं स्विस. जुन्या गावाचं एक घर तेवढं आपल्या कुंपणासह उद्यानात एकटं राहिलं. नवी घरं जुन्यांपेक्षा भक्कम होती हे खरं. पण कुणाची चूल कुठे पेटावी हे दुसऱ्याच्या खिडकीतल्या देखाव्यावरून ठरलं, हेही तितकंच खरं आहे, आणि या हिरवळीचं कौतुक करताना ते सोडून देता येत नाही.

सहावा ड्यूक १८११ साली, एकविसाव्या वर्षी गादीवर आला. त्याने लग्न केलं नाही. पुस्तकं, पुतळे आणि झाडं यांवर हात सैल सोडून खर्च केला. जेफ्री वायटव्हिलकडून उत्तरेला लांब नवी बाजू जोडून घेतली. तिथे मोठं भोजनगृह आणि इटालियन शिल्पकार कानोव्हाच्या शिल्पांचं दालन झालं. व्हिक्टोरिया राणी होण्याआधी, तेरा वर्षांची असताना, मोठ्यांच्या पंगतीत पहिल्यांदा जेवली ती याच भोजनगृहात, १८३२ साली. पण या ड्यूकने केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे त्याने नेमलेला माळी.

जोसेफ पॅक्स्टन तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा, लंडनजवळ चिझिकच्या बागेत राबणारा शेतकरी कुटुंबातला मुलगा. ९ मे १८२६ रोजी तो रात्रीच्या घोडागाडीने निघून पहाटे साडेचारला चॅट्सवर्थला पोचला. दार उघडायला कुणी नव्हतं, म्हणून फाटकावरून आत उतरला. सगळी बाग पायी पालथी घातली. सहाला गडी आले तसा त्यांना कामाला लावलं, पाण्याचे खेळ सुरू करवून पाहिले, मग घरच्या व्यवस्थापिकेकडे न्याहारीला गेला. तिथे तिची भाची सारा भेटली आणि दोघं एकमेकांवर लुब्ध झाली. नऊ वाजायच्या आत हे सगळं उरकलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे साराशी लग्न झालं. तो फिरतीवर असला की इथल्या कामावर तिचीच नजर असे.

पॅक्स्टनने ड्यूकला झाडांचं वेड लावलं. दुर्मिळ झाडं आणायला त्यांनी आपल्याच बागेतली पोरं परमुलखात धाडली. जॉन गिब्सन हा विशीतला माळी १८३५ साली हिंदुस्थानकडे निघाला, तोही नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्याच जहाजातून. याच ऑकलंडच्या कारकिर्दीत पुढे १८३९ साली साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. गिब्सनचं काम वेगळं होतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख वॉलिच याची मदत घेऊन तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीच्या पावसात ऑर्किड गोळा करत फिरला. १८३७ साली परतताना त्याने शेकडो रोपं आणली. त्यांत ब्रह्मदेशातली लाल फुलांची अ‍ॅम्हर्स्टियाही होती. ड्यूकचा सारा जीव तिच्यात होता. पण इंग्लंडात ती पहिल्यांदा फुलली ती १८४९ साली, ईलिंगच्या लॉरेन्सबाईंच्या काचघरात.

दुसरी मोहीम उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात गेली. रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स हे दोघे माळी १८३८ साली कोलंबिया नदीत बुडून मेले. काचघरातल्या फुलांसमोर उभं राहणाऱ्याला ही दोन नावं माहीत असायला हवीत.

केळीसाठी मात्र कुणाला पाठवावं लागलं नाही. मूळची चीनकडची ही ठेंगणी जात मॉरिशसमार्गे इंग्लंडात आली होती. एका संग्राहकाच्या मृत्यूनंतर तिचं रोप विकायला निघालं आणि पॅक्स्टनने ते घेतलं. भरपूर पाणी, कसदार माती आणि ऊब मिळाली तशी १८३५च्या नोव्हेंबरात झाड निसवलं आणि शंभराहून जास्त केळ्यांचा घड लागला. पॅक्स्टनने मालकाच्या आडनावावरून तिला नाव दिलं. १८३८ साली जॉन विल्यम्स हा मिशनरी तिची रोपं बंद काचपेट्यांत घालून सामोआला घेऊन गेला आणि तिथून ती प्रशांत महासागराच्या बेटांवर पसरली. विसाव्या शतकात पनामा मर रोगाने 'ग्रो मिशेल' ही व्यापारी जात मोडीत काढली, तेव्हा निर्यातीचा सगळा धंदा कॅव्हेंडिश गटावर आला. आपल्याकडची बसराई कोणकोणत्या बंदरांतून आली हा निराळा विषय, पण ती याच गटातली. आज त्याच रोगाचा नवा प्रकार या गटाच्या मुळावर उठला आहे.

या झाडांना घर हवं होतं. १८३६ ते १८४० या काळात पॅक्स्टनने बांधलेलं मोठं काचघर २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच होतं. बागेत धूर आणि कोळसा दिसू नये म्हणून भट्ट्या जमिनीखाली आणि कोळशाच्या गाड्याही भुयारातून. १८४३ साली राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा तिची घोडागाडी हजारो दिव्यांच्या उजेडात या काचघरातून आरपार गेली. दक्षिण अमेरिकेतलं महाकाय कमळ लंडनच्या क्यू उद्यानात फुलत नव्हतं. तेही पॅक्स्टनने १८४९ साली इथे फुलवलं आणि त्याच्या पानावर आपल्या सात वर्षांच्या मुलीला, अ‍ॅनीला उभं केलं. पानाखालच्या शिरांची जाळी एवढा भार कसा पेलते याचा त्याने विचार केला. कमळासाठी बांधलेल्या काचघराचं छप्पर हीच १८५१च्या लंडन प्रदर्शनातल्या स्फटिकमहालाची, म्हणजे पॅक्स्टनच्याच क्रिस्टल पॅलेसची, तालीम ठरली.

रशियाचा झार निकोलस १८४४ साली येणार म्हणून जगातलं सर्वांत उंच कारंजं करायचं ठरलं. घरापेक्षा सुमारे साडेतीनशे फूट उंच माळावर आठ एकरांचा तलाव सहा महिन्यांत खणला. गडी रात्री दिव्यांच्या उजेडात खणत होते. पंप नाही, फक्त उताराचा दाब, आणि धार २९६ फूट उसळल्याची नोंद आहे. झारही आला नाही. पण खर्च वाया गेला नाही. १८९३पासून १९३६पर्यंत याच उताराच्या पाण्यावर जनित्रं फिरवून घरात वीज खेळवली गेली, आणि १९८८ साली पुन्हा नवं जनित्र बसलं.

विसाव्या शतकाने हिशेब मागितला. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माणसं दोन्ही मिळेनात. काचघरातली झाडं थंडीने मेली आणि १९२० साली ते सुरुंग लावून पाडलं. एका दणक्यात पडलं नाही, इतकं पक्कं होतं. त्या जागी आता झुडपांचा चक्रव्यूह आहे. दुसऱ्या महायुद्धात वेल्समधली मुलींची एक शाळा इथे आली आणि शाही दालनांत मुलींच्या खाटा लागल्या. दहावा ड्यूक १९५० साली अचानक वारला. मालमत्ता मुलाच्या नावे करून पाच वर्षं जगला असता तर कर टळला असता. मुदत भरायला थोडेच महिने उरले होते. ऐंशी टक्क्यांनी वारसाकर लागला. तो फेडायला जमिनी गेल्या, चित्रं गेली, बेसने बांधलेलं हार्डविक हॉलही गेलं. कर आणि व्याज चुकतं व्हायला १९७४ साल उजाडलं.

अकरावा ड्यूक अँड्रू आणि त्याची पत्नी डेबोरा यांनी घर हातचं जाऊ दिलं नाही. १९५९ साली ती दोघं तिथे राहायला आली, १९७७ साली शेतमालाचं दुकान काढलं आणि १९८१ साली घर, बाग आणि उद्यान एका धर्मादाय विश्वस्त संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलं. छपरावरचं शिसं, घासून गेलेले दगड आणि खिडक्यांवरचं सोनं यांची मोठी दुरुस्ती २०१८ साली संपली. तिचा खर्च तीन कोटी पौंडांच्या वर गेला. कुटुंब आजही घराच्या एका भागात राहतं आणि त्या भागाचं भाडं विश्वस्त संस्थेला भरतं.