रस्ता सात दिवस बंद, तर भट्टी किती दिवस थंड?

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि जवळपास आठवडाभर वाहतूक ठप्प झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा रस्ता पाण्याखाली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्यांना, हे आम्ही काय सांगणार! पण 'आमच्याकडे पाच दिवसांचा स्टॉक असतोच' हे अजून ऐकू येतं, म्हणून साठ्याचं सिम्युलेशन करून देणाऱ्या आमचं हे पत्रक.

समजा, तुम्हाला रोज ४ टन पिग आयर्न (भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड) लागतं. साठा २० टनांवर आला की सकाळी २४ टनांची गाडी मागवता, ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरते. आता ऑर्डर दिली त्याच सकाळी रस्ता बंद झाला. पाच दिवस लोखंड पुरलं. आठव्या दिवशी रस्ता उघडला, गाडी निघाली, दहाव्या दिवशी संध्याकाळी आली. भट्टी पाच दिवस बंद. तोच रस्ता आदल्या रात्री गाडी उतरल्यावर बंद झाला असता, तर हातात ३२ टन (उरलेले ८, आलेले २४) असते आणि खाडा दोनच दिवसांचा पडला असता. पूर तोच, नियम तोच, नुकसान अडीचपट.

हे नशीब मोजायचं काम सिम्युलेशन करतं. संगणकावर तुमचं गोडाऊन हजार वेळा चालवतो. दर वेळी रस्ता वेगळ्या दिवशी बंद करतो, कधी तीन दिवस, कधी दहा. पूर येणार की नाही हे आम्ही सांगत नाही. दोन-तीन पुरांवरून टक्केवारी काढणाऱ्यावर आमचा विश्वास नाही.

खरी गंमत रस्ता उघडल्यावर असते. आधी अत्यावश्यक मालाच्या गाड्या सुटतात, मग रांग. सगळेच एकदम ऑर्डर टाकतात, काही जण भीतीनं दुप्पट, भाडं चढतं. दुसरीकडे तयार कास्टिंग, म्हणजे ओतलेले सुटे भाग, यार्डात तुंबलेलं असतं आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाची उत्पादनाची लाइन अडलेली. म्हणजे एका हाताला खडखडाट, दुसऱ्या हाताला ढीग. म्हणून दोन्ही साठे एकत्रच चालवून बघावे लागतात. बऱ्याचदा कच्चा माल वाढवण्यापेक्षा पावसाआधी थोडं कास्टिंग पुण्याकडच्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये टाकणं स्वस्त पडतं. कधी उलटही निघतं. साठ्यात अडकलेल्या पैशाच्या व्याजाचा हिशेब मांडल्याशिवाय बोलू नये.

येताना दोन वर्षांचं गेट रजिस्टर आणि बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या मालपावत्या) आणा. बिल्टीवरची तारीख आणि गेटवरची तारीख यातला फरक आम्हाला हवा. गाडी यायला लागणारे म्हणून स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेला 'तीन दिवस' नको. तो बहुतेक ठिकाणी बसवणाऱ्यानं पहिल्या दिवशी टाकलेला आकडा असतो. रोजचा खप वहीत असला तरी चालेल.

मे महिन्यात या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचल्यावर फोन आला, तर आम्ही फक्त किती दिवस भट्टी थांबेल तेवढंच सांगू शकतो.