सौर सेल आणि थर्मोफोटोव्होल्टाइक सेल: दिसायला सारखे, पण काम वेगळं

थर्मोफोटोव्होल्टाइक सेल म्हणजे तापलेल्या वस्तूच्या तेजातून वीज बनवणारा सेल. त्याचा फोटो पाहिला की बहुतेकांना तो सौर सेलच वाटतो. दोन्हींत अर्धवाहकाचे पातळ थर असतात आणि दोन्हींत प्रकाश पडला की वीज वाहू लागते. त्यामुळे 'उष्णतेवर चालणारं सौर पॅनेल' असं त्याचं वर्णन होतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे.

सौर सेलचा प्रकाश सुमारे १५ कोटी किलोमीटरवरून येतो. त्यातले कमी ऊर्जेचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सेलमधल्या सिलिकॉनला वापरता येत नाहीत. ते वाया जातात, कारण सूर्याला ते परत करण्याची सोय नाही.

थर्मोफोटोव्होल्टाइकमध्ये नेमकी हीच सोय आहे, आणि मला ती या तंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. इथे प्रकाश देणारा तापलेला पृष्ठभाग सेलच्या समोरच असतो. सेलच्या मागे आरसा बसवलेला असतो. न वापरलेले किरण त्यावरून उलटून पुन्हा त्याच पृष्ठभागात शोषले जातात आणि त्याला गरम ठेवतात. २०२२ साली एमआयटी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या संशोधकांनी अशा सेलमधून ४० टक्के कार्यक्षमता मिळवली. त्यांचे उष्णतास्रोत होते १९०० ते २४०० अंश सेल्सिअसचे. एकही फिरता भाग नसलेलं हे उष्णता इंजिनच म्हणायचं.

ताकदीतला फरकही प्रचंड आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १ किलोवॅट ऊन पडतं. २४०० अंशांचा आदर्श काळा पृष्ठभाग तेवढ्याच जागेतून जवळपास २९०० किलोवॅट फेकतो! म्हणून सेल छोटे चालतात, पण ते सतत थंड ठेवावे लागतात.

याच बळावर अमेरिकेतल्या अँटोरा एनर्जी आणि फोर्थ पॉवर या स्टार्टअप उभ्या आहेत. वारा किंवा ऊन जास्त असेल तेव्हाच्या स्वस्त विजेने कार्बनचे ठोकळे तापवायचे आणि गरज पडली की त्यांच्या तेजातून वीज काढायची. फोर्थ पॉवरच्या रचनेत ही उष्णता वितळलेलं कथील वाहून नेतं. सौर पॅनेल रात्री थांबतं, तापलेला ठोकळा थांबत नाही.

आता खरा गोंधळ आकड्यांचा. पॅनेलचे २२ टक्के आणि इथले ४० टक्के शेजारी ठेवून कोणी दुसऱ्याला सरस म्हणालं, तर ती तुलनाच चुकीची आहे. ऊन फुकट असतं. ठोकळ्यातली उष्णता मात्र आधीच्या विजेतून आलेली असते, म्हणजे साठवलेल्या १०० युनिटांतली जेमतेम ४० परत मिळतात. लिथियम-आयन बॅटरी ८५ च्या आसपास परत देते. तरीही कार्बन इतका स्वस्त आहे की कित्येक तास, अगदी काही दिवसांच्या साठवणुकीसाठी हा घाटा परवडू शकतो, असा या कंपन्यांचा हिशेब आहे. मला तो पटतो, मात्र वाया जाणारी वीज खरोखरच स्वस्त मिळत असेल तरच.