दगडी धरणाची भिंत ओली दिसते: झिरप की गळती?

झड लागली की नदीकाठच्या गावांत मोबाईलवर एक फोटो फिरू लागतो. जुन्या दगडी धरणाची ओली भिंत, त्यावर पांढरे ओघळ आणि खाली 'धरण गळतंय' असा मजकूर. वर्धा नदीच्या पुरात 30 जुलै 1991 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडची दोनशेवर माणसं गेली. त्या भागात ही भीती कुणी हसण्यावारी नेऊ नये. मात्र भ्यायचं कशाला, हे झिरप आणि गळती वेगळी ओळखल्याशिवाय कळत नाही.

चुना-सुरखीत (चुना आणि विटांची पूड) बांधलेल्या दगडी भिंतीतून थोडं पाणी झिरपणारच. पांढरे ओघळ म्हणजे त्या पाण्याबरोबर धुऊन आलेला चुना. मोठ्या धरणाच्या पोटात गॅलरी, म्हणजे माणूस आत जाऊन तपासू शकेल असा बोगदा, असते. पायातल्या आणि भिंतीतल्या निचरा-छिद्रांचं पाणी तिथल्या नालीत येतं आणि 'व्ही' आकाराची खाच असलेल्या पत्र्यावरून पुढे पडतं. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की मिनिटाला किती लिटर येतं ते कळतं. या खाचेच्या पत्र्याला व्ही-नॉच म्हणतात.

हे पाणी बाहेर यायलाच हवं. दगडी धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं, आणि पायाखाली शिरलेलं पाणी त्याला वर उचलू पाहतं. छिद्रं तो दाब उतरवतात. चुना साचून ती बुजली, तर झिरप कमी होते, गाव निर्धास्त होतं आणि पायाखाली दाब मात्र वाढत जातो. म्हणून झिरप एकाएकी थांबली, तरी चौकशी करायलाच हवी. खालच्या बाजूने सिमेंटचा गिलावा मारून ओल झाकणं तर मला घातकच वाटतं, कारण पाणी आतच कोंडतं. दरजा भरायच्या त्या पाण्याच्या बाजूने, आणि आतल्या पोकळ्यांत ग्राउटिंग करायचं, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरायचं.

गळतीची लक्षणं वेगळी. जलाशयाची पातळी तेवढीच असताना व्ही-नॉचचं पाणी वाढतं, एकाच जागेतून धार लागते किंवा पाणी गढूळ येतं. गढूळपणा सगळ्यांत वाईट, कारण आतून माती वाहून जात असते. आपल्याकडे बरीच धरणं मातीची, जादा पाणी सोडायचा सांडवा तेवढा दगडी. दगड आणि माती जिथे भिडतात, तो सांधा आधी बघावा.

पूर मात्र ठणठणीत धरणाखालीही येतो. दरवाजे उघडून विसर्ग वाढवला की काठची शेतं बुडतात. त्याचा झिरपेशी संबंध नाही.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. ग्रामसभेने व्ही-नॉचची नोंदवही दाखवा म्हणावं, आणि प्रत्येक नोंदीसमोर त्या दिवशीची जलाशयाची पातळी लिहिली आहे का, ते बघावं. फोटो पुढे ढकलण्याआधी ते पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर जागा आणि वेळ सांगून लगेच शाखा अभियंत्याला आणि तहसीलला फोन करा.