पार्श्वभूमी : मोजणी हालचालीची, धोरण व्यायामाचे

शारीरिक निष्क्रियता हा सरकारी आरोग्य धोरणाचा विषय आहे, हे आपल्याकडे उशिरा मान्य झाले. तालमी आणि व्यायामशाळा महाराष्ट्राला नव्या नाहीत. पण तिथे बलोपासना होती, रोग टाळण्याचा हिशेब नव्हता. तो हिशेब मांडला गेला लंडनच्या दुमजली बसमध्ये. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे १९५३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या १९८३च्या पहिल्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचा भर प्राथमिक सेवा, संसर्गजन्य रोग आणि माता-बाल आरोग्यावर राहिला. त्या काळी ते योग्यच होते.

खरा वेग २०१० पासून आला. त्या वर्षी कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघातासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम १०० जिल्ह्यांत सुरू झाला. अपुरी शारीरिक हालचाल २०२५ पर्यंत १० टक्क्यांनी घटवायची, असे उद्दिष्टही पुढे देशाने स्वीकारले. २०१७च्या आरोग्य धोरणात ‘स्वस्थ नागरिक अभियान’ आले आणि संतुलित आहाराच्या जोडीला ‘नियमित व्यायाम’ हे शब्द आले.

गुंता याच शब्दांत आहे. सर्वेक्षणे व्यायाम मोजत नाहीत. ती हालचाल मोजतात : कामावरची, घरकामातली, येण्याजाण्यातली आणि फावल्या वेळातली. शेतातली खुरपणी, डोक्यावरचा हंडा, एसटी स्टँडपर्यंतची पायपीट हे सगळे त्यात येते. महाराष्ट्रासह तीन राज्ये आणि चंडीगड इथल्या चौदा हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो : फावल्या वेळात खेळ किंवा व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. म्हणजे जे सक्रिय होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना काम आणि चालणे यांनीच सक्रिय ठेवले होते. पायपीट जाऊन दुचाकी आली आणि शेतात यंत्र आले, की ती हालचाल संपते. तिची भरपाई ‘व्यायाम करा’ एवढ्या सल्ल्याने होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींनी रोजची हालचाल हिशेबात धरण्याची वाट हळूहळू मोकळी केली. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी, पण ती किमान सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांत, अशी २०१० ची अट होती. २०२० मध्ये दहा मिनिटांची अट काढली गेली. जिना चढण्याची दोन मिनिटेही हिशेबात आली.

आपल्याकडे त्याआधीच, २९ ऑगस्ट २०१९ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, ‘फिट इंडिया’ ही देशव्यापी तंदुरुस्ती मोहीम सुरू झाली आणि तिची सूत्रे आरोग्य खात्याकडे न देता क्रीडा खात्याकडे दिली गेली. या निर्णयावर मतभेद आहेत. क्रीडा खात्याकडे शाळांपर्यंतचे जाळे आणि खेळाडूंचे वलय होते, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. ‘रोज अर्धा तास’ हा संदेश घरोघरी पोचला, तेही मोठेच काम. पण मधुमेहाची तपासणी एका खात्यात आणि चालण्याचा सल्ला दुसऱ्यात, अशी फाळणी झाली, आणि ती चूक होती असे मला वाटते. पदपथ तर दोघांच्याही हातात नाहीत. रस्त्यांवर वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे, असे सांगणारे नागरी वाहतूक धोरण २००६ मध्येच आले होते. ते तिसऱ्या खात्याचे. आरोग्याचा उपाय म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले गेले नाही.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने भारताचा आलेख मांडला : अपुरी हालचाल असलेले प्रौढ २००० मध्ये सुमारे २२ टक्के होते, २०२२ मध्ये ४९ टक्के झाले. पुरुषांत हे प्रमाण ४२, तर स्त्रियांत ५७ टक्के. दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला हा आकडा अन्यायाचा वाटेल. पण ओट्याशी तासन् तास उभे राहून पाय दुखले, तरी श्वास वाढत नाही, आणि मोजणीत मध्यम श्रम धरले जातात ते श्वास वाढल्यावरच. तिला लागतो तो संध्याकाळी घराबाहेर मोकळा अर्धा तास आणि दिवे लागलेला, न अडवलेला पदपथ.